शिकाऊ म्हंजे कोण?

दोस्तांनो, हिशेब मांडू.

नांद्यातून आयटीआय करून मी कारखान्यात ॲप्रेंटिस लागलो. पर्मनंट माणसाच्या बरोबरीनं मशीनवर आठ तास उभा. पगाराचं विचारलं की सायेब म्हणायचा, "तू कामगार नाहीस, शिकाऊ आहेस." खरंच बोलायचा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम 18 हेच सांगतं. विद्यावेतन बसभाड्यात अन् डब्यात जायचं. आई विचारायची, "शिकतोस का राबतोस?" वर्ष सरलं. आमच्या जागी नवे शिकाऊ उभे.

शेजारी लवळ्याच्या टेकडीवर खासगी विद्यापीठ आहे. पैकेवाला फी नोटांनी भरतो, आपण अंगमेहनतीनं.

2016 साली सरकारनं विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, तिजोरीतून द्यायचं ठरवलं. पण तिजोरी कुणाची? 1882 साली हंटर कमिशनपुढं जोतीबांनी हेच मांडलं : महसूल रयतेच्या घामाचा, शिक्षण वरच्यांचं. 1855 साली त्यांनी अन् सावित्रीबाईंनी रात्रशाळा काढली ती राबणाऱ्यानं शिकावं म्हणून. शिकण्याच्या नावाखाली राबावं म्हणून न्हवं. 1927 साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी आकडे काढले : शिक्षणावर दरडोई 14 आणे, दारूच्या महसुलातून दरडोई दोन रुपयांवर वसुली. जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्चा, ही त्यांची मागणी.

तेव्हा करारावर सही करण्याआधी वस्तीतल्या पोरापोरींनी विचारायचं : शिकवणार कोण? कुठल्या मशीनवर? वर्षानंतर काय? अन् उत्तर लिहून घ्यायचं.