दारावरचं कणीस

पौषात सातपुड्यावरून गार वारा उतरला की शहाद्याजवळच्या आमच्या गावात दिवेलागणीलाच दारं लागायची. वर डाब, तोरणमाळकडे तर एखाद्या पहाटे गवतावरचं दवही गोठतं. त्या दिवसांत माय दादर ज्वारीची चार-पाच कणसं सुतळीनं बांधून ओसरीवर टांगायची.

आबा तेव्हा शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवत असायचे. दादर दाण्यावर आली की भोरड्यांचे थवेच्या थवे उतरायचे. दिवसभर मी आबांबरोबर घसा बसेस्तोवर पाखरं हाकायचो आणि घरी यावं तर माय पाखरांसाठीच कणीस बदलत असायची. एकदा चिडून विचारलं. ती म्हणाली, "तो पाखरेसना वाटा शे." आबा काही बोलले नाहीत. कापणीच्या वेळी दारासाठी भरदार कणसं तेच निवडून बाजूला ठेवायचे, हे मला फार उशिरा कळलं.

चिमणी कणसाला उलटी लटकायची. दाणा ओढून काढायची, चोचीत घोळवायची, तूस खाली सोडायची. ओट्यावर तुसाचा थर साचायचा. कणीस निम्मं झालं की ते हलकं होऊन वाऱ्यावर गिरक्या घ्यायचं, तरी तिची पकड सुटायची नाही.

नोकरीसाठी नाशिकला गेलो, तिथल्या गॅलरीतही कणीस टांगलं. नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन सुरू झाला, तेव्हा चिमण्यांविषयी जे मिळेल ते वाचलं. एवढ्याशा जिवाला थंडीची रात्र दिवसा साठवलेल्या चरबीवर काढावी लागते. पिसं फुलवून ऊब धरली तरी ती चरबी रात्रीतून जळत जाते. म्हणून संध्याकाळचा शेवटचा दाणा आणि पहाटेचा पहिला दाणा मोलाचा. मायला अक्षरओळख नव्हती, पण कणीस ती दिवस मावळायच्या आतच बदलायची.

आता गावी परतलोय. आमच्या शिवारात कापूस आहे, पपई आहे, ऊस आहे. दादरची कणसं ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागून आणावी लागतात. शिवाय चिमणीची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या-किडे लागतात. म्हणून परसातल्या झाडांवर मी फवारणी करत नाही.

पण हिवाळ्यात मला थंडीपेक्षा जास्त धास्ती संक्रांतीची वाटते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर दिसतोच. मागच्या वर्षी आमच्या निंबात एक होला अडकला. पंखाच्या मुळाशी दोरा हाडापर्यंत रुतला होता. कात्रीनं सोडवला, टोपलीखाली ठेवला. पहाटे पाहिलं तर गेला होता.

यंदा किंक्रांतीला बांबूला विळा बांधून गल्लीतली सगळी झाडं धुंडाळली. मांजा निघाला तो बोटाएवढे तुकडे करून पुरला. दिवस कलला होता. हात धुतले आणि आधी कणीस बदललं.