माहूरचा मफिन!

माहूरला लोक कशासाठी जातात? सोप्पा प्रश्न! साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेच्या दर्शनासाठी. रेणुका, दत्तशिखर आणि अनसूया असे तीन डोंगर एका वीकेंडला 'कव्हर' करायचे, प्रसादाचा तांबूल तोंडात टाकायचा आणि सोमवारी सकाळी पुन्हा ऑफिसात लॉगिन! माझा अजेंडा मात्र जरा हटके होता. मला केक बघायचे होते. हसू नका, खरंच सांगतेय.

माझ्या मैत्रिणीची वहिनी माहूरला घरच्या घरी केक करते. ओटीजी, बीटर, ऑनलाइन मागवलेले गुलाबी सिलिकॉनचे साचे, सगळा जामानिमा आहे. वाढदिवस, बारशी, रिटायरमेंट, गावातल्या बऱ्याच ऑर्डरी तिच्याकडे येतात. पण गेल्या काही महिन्यांपासून एक तक्रार सारखी येत होती. मफिन आतून शिजलेले, तरी खालून पांढरेफटक. गिऱ्हाईक विचारायचं, ''कच्चे तर नाहीत ना?'' एका बाईंनी तर अर्धी ऑर्डर परत पाठवली. आता वहिनीला भिशी लागली होती, साडेतीन हजारांची. ते पैसे आणखी सिलिकॉनवर घालायचे की सरळ ॲल्युमिनियमचे ट्रे घ्यायचे? पुण्या-मुंबईत बसून हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण जिथे केकचं सामान आणायला नांदेड गाठावं लागतं, तिथे चुकीची खरेदी म्हणजे दोन महिन्यांची कमाई पाण्यात!

नांदेडहून माहूर साधारण सव्वाशे किलोमीटर. किनवट मागे पडलं की सागाचं जंगल सुरू होतं आणि मोबाइलची रेंज लपंडाव खेळायला लागते. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, म्हणजे विदर्भ. त्यामुळे इथली बोली मराठवाडी कमी आणि वऱ्हाडी जास्त. इथे 'लाइट' नाही, 'लाइन' जाते. केक भांड्याला 'चिकटत' नाही, 'चिपकतो'.

मोज्यासारखा उलटा!

शनिवारी दुपारी आम्ही दोघींनी किचनची लॅब केली. एकच बॅटर, दोन भाग. अर्धं सिलिकॉनच्या साच्यात, अर्धं शेजारणीकडून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या मफिन ट्रेमध्ये. दोन्ही एकाच तापमानावर, एकापाठोपाठ एक.

ॲल्युमिनियमवाले आधी झाले. खालून मस्त बदामी, कडा किंचित कुरकुरीत. फक्त बाहेर येताना त्यातल्या दोघांनी आपली बूडं ट्रेमध्येच ठेवली. सिलिकॉनला काही मिनिटं जास्त लागली. पण गार झाल्यावर वहिनीने साचा मोज्यासारखा उलटा केला आणि सगळे मफिन टपाटप ताटात! एकाचाही तुकडा नाही. रंग मात्र पुन्हा तोच, फिका.

यामागचा फंडा साधा आहे. ॲल्युमिनियममधून उष्णता धावत जाते. सिलिकॉनमधून ती सुमारे हजारपट हळू सरकते. म्हणून तर आपण सिलिकॉनचे हातमोजे घालून तापलेला ट्रे उचलतो! जे मटेरियल तुमचा हात भाजू देत नाही, ते केकचं बूड तरी कसं पटकन भाजू देईल?

मग बेकरीत ते आलं कशाला? न चिकटण्यासाठीच. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये गी देमार्ल नावाच्या बेकरने ब्रेड चिकटू नये म्हणून बेकिंगच्या जाळीला सिलिकॉनचा थर द्यायला सुरुवात केली. तिथून निघालेली ही चीज आज एका क्लिकवर माहूरच्या ओट्यावर येते. साचा बदलला, रंग बदलला, काम तेच: चिपकायचं नाही!

आजीचा नॉनस्टिक

हे सगळं वहिनीच्या सासूबाई दारातून बघत होत्या. ''चिपकू नये म्हणून एवढा खटाटोप?'' म्हणाल्या आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे संध्याकाळच्या पानग्यांची तयारी चालली होती.

पानगे खाल्ले नसतील तर तुमचं माहूर अर्धं राहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. कणकेत तेलाचं मोहन, मीठ, ओवा. घट्ट मळलेला गोळा थापायचा, वर-खाली पळसाची पानं लावायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर ठेवायचा. पानं आधी हिरवी, मग तपकिरी, मग कडेने काळी होत जातात. तोवर आतल्या पानग्याचा वरचा थर सुकून घट्ट झालेला असतो, मग ना पीठ पानाला चिपकत ना राख पिठाला. शेवटी जळकं पान सोलून काढायचं. आत खरपूस पानगा, त्यावर पानाच्या शिरांची नक्षी. फोडून तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. डाएट वगैरे सोमवारपासून!

मी विचारलं, ''आजी, पान जळतं त्याचं काय?''

''जळतेच ना माय. पान जळते म्हणून तं पानगा शेकते.''

या एका वाक्यात वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर होतं. पळसाचं पान सुरुवातीला पिठाला सांभाळतं आणि काम झालं की स्वतः बाजूला होतं. मग निखारा आणि पीठ आमनेसामने! सिलिकॉन शेवटपर्यंत मध्ये उभं राहतं. केक सुटतो सुरेख, पण आगीची आणि त्याची नीट भेटच होत नाही. प्रश्न साच्याच्या चांगल्या-वाईटपणाचा नव्हताच. काय सुटून यायला हवं आणि काय भाजलं जायला हवं, याचा होता.

हिशेब जमला

रात्री पानगे हाणल्यावर वहीत दोन रकाने पाडले. मफिन, कपकेक, चौकोनी स्पंज, म्हणजे ज्यांना खालून रंग हवा ते सगळं ॲल्युमिनियममध्ये, आणि बूड अडकू नये म्हणून आत कागदी कप. नक्षीदार बंट केक, चॉकलेट, जेली, बर्फी, म्हणजे जिथे आकार न तुटता सुटायला हवा, ते सिलिकॉनमध्ये. भिशीचे पैसे निघाले ट्रेकडे. आणि गुलाबी साचे? ते सुट्टीवर नाहीत, नवरात्राच्या चॉकलेटच्या ऑर्डरीसाठी राखीव आहेत. शिवाय चॉकलेट सेट करायला ओव्हन लागत नाही, त्यामुळे लाइन गेली तरी निम्मं काम चालू!

रविवारी सकाळी नव्या पद्धतीने एक घाणा काढला. कागद सोलला तर खाली बदामी रंग. वहिनीने एक मफिन फोडून सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी आधी तो उलटा करून बूड बघितलं, मग खाल्ला. ''हं, शेकला आता,'' एवढंच म्हणाल्या. यापेक्षा मोठा रिव्ह्यू कुठला?

घरी सिलिकॉन वापरताय?

० साचा लिबलिबीत असतो. बॅटर ओतायच्या आधीच तो ओव्हनच्या जाळीवर ठेवा. जाळीमुळे खालूनही गरम हवा लागते.

० साचा पिरगाळून बघा. ताणलेल्या जागी पांढरी रेघ दिसली तर त्यात भेसळ असू शकते. ही घरगुती चाचणी आहे, पक्का पुरावा नव्हे.

० जर्मनीतल्या बीएफआर या संस्थेची शिफारस आहे की साचा २०० अंशांवर ४ तास तापवला तर त्यातून उडून जाणारे घटक ०.५ टक्क्यांहून जास्त नसावेत. नव्या साच्याला तापल्यावर उग्र वास येत असेल आणि तो जातच नसेल, तर तो साचा खाण्यासाठी वापरू नका.

० पाकिटावरची तापमानाची मर्यादा वाचा. गॅसची ज्योत, निखारे किंवा कुकरचा तापलेला तळ यांना साचा थेट टेकवू नका. कुकरमध्ये स्टँड हवाच.

० आत सुरी चालवू नका. तेलकट थर साचू देऊ नका, नाहीतर न चिकटणारा साचाही चिकट होतो.

कसं जाल?

नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे एसटी किंवा गाडी. जवळचं स्टेशन किनवट, तिथून साधारण ५० किलोमीटर. नवरात्र आणि दत्तजयंतीला तुफान गर्दी असते. निवांत फिरायचं तर फेब्रुवारी-मार्च गाठा. तेव्हा जंगलात पळस केशरी फुलांनी पेटलेला असतो. दर्शन घ्या, किल्ला बघा, तांबूल बांधून घ्या. आणि कुणी पानग्यांना बोलावलं तर भूक ठेवून जा!