तलावावरचे दिवे

दिव्याने उजेड द्यावा, एवढेच आपण त्याच्याकडून मागतो. तो उजेड कोठे पडतो, हे क्वचितच पाहतो. आमच्या पोहण्याच्या तलावावरचे जुने दिवे यंदा दुरुस्त झाले. क्लोरिनच्या दमट हवेने गंजलेले खांब बदलले; 30 मिलिअँपिअर वीज गळताच प्रवाह तोडणारी कळ बसविली. रात्री पाणी चांदीसारखे झळाळू लागले. सभासद हर्षभरित झाले. जीवरक्षकाला मात्र तळ दिसेना! आडवा पडणारा उजेड पाण्याच्या पृष्ठावरूनच उलटत होता. मग दिव्यांची तोंडे खाली वळविली. झळाळी मावळली आणि तळावरच्या काळ्या रेघा स्पष्ट झाल्या. तलावाची शोभा उणावली, अशी कुरकुर अजून ऐकू येते. पण बुडणारे मूल आता दिसेल. मग त्या शोभेचे एवढे काय घेऊन बसावयाचे?