खांबाची दुसरी बाजू

बदामीच्या तिसऱ्या लेण्यात मी मूर्तींकडे शेवटी वळतो. आधी खांब बघतो. लालसर वालुकाश्मात बारीक तिरक्या रेघा उतरत येतात, तळाशी जवळजवळ आडव्या होऊन विरतात. वर मात्र सुरीने कापल्यासारख्या तुटतात. त्या तुटीवर पुढचा थर बसलेला.

आम्ही बेसाल्टच्या मुलखातली माणसं. वाळूचा दगड नीट वाचायला मी इथंच शिकलो. भूशास्त्रज्ञ ब्रूस फूटने १८७६ साली या भागाचा भूशास्त्रीय अहवाल छापला, त्या अहवालाच्या नावातच ‘दक्षिण मराठा मुलूख’ आहे.

विद्यार्थी असताना बदामी गावाजवळच्या कड्यावर दिवसभर रेघा मोजल्या. होकायंत्र, क्लिनोमीटर, वही. सगळे आकडे एका दिशेचे. संध्याकाळी सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, “दुसरी बाजू कुठंय?” मी एकाच सपाट कड्यावर मोजत होतो. प्रवाहाला आडवा छेद गेला, तर तोच तिरका थर वाटीसारखा दिसतो, कधी चक्क आडवा. एका छेदात दिसते ती भासमान नती, थराचा खरा उतार नव्हे. पूर्ण पान खोडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी लेण्यात नेलं. चालुक्यांच्या कारागिरांनी सहाव्या शतकात खांब काटकोनात तासले, त्यामुळे एकच रेघ दोन लगतच्या बाजूंवर दिसते. कोपऱ्यावरून ती कशी वळते ते पाहिलं, की उताराची खरी दिशा कळते. इथे हातोडी काढायची नाही, खांबाला यंत्रही टेकवायचं नाही. डोळ्यांनीच काम भागतं.

वाळूचा उंचवटा पाण्याखाली सरकतो तेव्हा कण चढणीवरून लोटले जातात आणि माथ्यावरून पलीकडे घसरतात. एकेक घसरण म्हणजे एकेक रेघ. मागून येणारा उंचवटा आधीच्याचा माथा खरवडून नेतो. हा दगड घडला त्या काळी जमिनीवर गवताची काडी नव्हती. काठ धरून ठेवायला मुळंच नाहीत, म्हणून नद्या पसरट, अनेक धारांनी वाहायच्या. रेघांच्या दिशा थोड्या विखुरतात त्या यामुळेही, आणि एका आकड्यावर मी कधीच विसंबत नाही.

आता माझ्या विद्यार्थ्यांना मी वही आधी उघडू देत नाही. खांबाच्या कोपऱ्याशी उभं करतो. तळवा हवेतच, रेघांच्या उताराला समांतर धरायला सांगतो. पहिल्यांदा दहा जणांची बोटं दहा दिशांना असतात. मग कुणीतरी वळून दुसरी बाजू बघायला जातं.