हात का थरथरतात? कपाटावरचं मिग आणि वडिलांची खतावणी

माझ्या कन्सल्टिंग रूममधल्या कपाटावर एक चंदेरी विमान ठेवलेलं आहे. तपासून झालं की बरेच पेशंट त्याच्याकडे बोट दाखवतात. "साहेब, लेकराचं खेळणं हाय का हे?" एका आजोबांनी विचारलं होतं. मी म्हणालो, "नाही बाबा, माझंच आहे." ते हसले. पण या खेळण्यानेच मला माझा स्वतःचा आजार दाखवून दिला. त्याची ही गोष्ट.

प्लास्टिकचे सुटे भाग कापून, घासून, चिकटवून, रंगवून लढाऊ विमानांची मॉडेल्स बनवणं हा माझा पंधरा-सोळा वर्षांपासूनचा छंद. ओपीडी संपली, जेवण झालं की रात्री तासभर. मोठी मॉडेल्स १/३२ मापाची असतात, म्हणजे खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या भागाएवढी. मिग-२१ च्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, ती माझ्या टेबलावर साधारण २२ सेंटिमीटर होते.

मिगच का? माझे मामा नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात फिटर होते. मिग-२१ बांधण्यासाठी हा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. इंजिनं कोरापुटला व्हायची आणि विमानाचा सांगाडा ओझरला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही लातूरहून एसटीने मामाकडे जायचो. अंगणात झोपलेलो असताना डोक्यावरून विमान गेलं की मामा डोळे न उघडता म्हणायचे, "आपलंच आहे." सुरुवातीच्या एफएल जातीच्या मिगबद्दल ते नेहमी सांगत, "त्याच्या पोटात तोफच नव्हती रे, बाहेरून लटकवावी लागायची." १९७१ च्या युद्धात लढली ती हीच एफएल.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला वायुदलाने मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा ठरवलं की मामांचं एफएल बनवायचं. माझ्याकडे पेटी होती ती नंतरच्या एमएफ जातीची. त्यामुळे बदल करणं आलं. एमएफच्या पाठीवरचा उंचवटा मोठा, तो घासून बारीक करायचा. पोटातली तोफ काढून ती जागा पुट्टीने भरायची. पंखांखालचे चार खांब दोनावर आणायचे. एमएफची वरची काच बाजूला उघडते, एफएलची पुढच्या बाजूच्या बिजागरीवर, म्हणून काचही नवी करायची. हे सगळं महिनाभरात जमलं.

अडलं ते कॉकपिटच्या पॅनेलवर. खऱ्या विमानातली आठ सेंटिमीटरची तबकडी इथं अडीच मिलिमीटरची होते. तिच्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा होता. ब्रश हवेत असतानाच टोक हलत होतं. हात टेबलावर टेकवला, श्वास रोखला, तरी ठिपका तबकडीच्या बाहेर. पुसला, पुन्हा केला, पुन्हा बाहेर.

मग मी तेच केलं जे माझे पेशंट करतात. आधी चष्म्याला दोष दिला. नंबर बदलला, फरक पडला नाही. मग संध्याकाळच्या चहाला दोष दिला, मग जागरणाला. शेवटी पेटी बंद करून माळ्यावर टाकली आणि घरी सांगितलं की वेळ मिळत नाही. असे पाच महिने गेले. रोज ओपीडीत "अंगावर काढू नका" असं सांगणारा माणूस स्वतः अंगावर काढत होता.

खरं कारण भीती होतं. मनात एकच शब्द होता, पार्किन्सन्स. रात्री दिवा बंद केल्यावर मी पोटावर हात ठेवून बघायचो, हलतो का. बायकोने एकदा पाहिलं. "काय बघता?" म्हणाली. मी काहीच बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनेच लातूरच्या माझ्या मेंदूविकारतज्ज्ञ मित्राला फोन केला.

त्याने काय तपासलं ते सविस्तर सांगतो, कारण हे तुमच्या घरातही उपयोगी पडेल.

आधी हात मांडीवर सैल सोडून बसायला सांगितलं. हात स्थिर होते. मग दोन्ही हात समोर ताणून धरायला लावले. बोटं बारीक थरथरली. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला दिलं, तेव्हा थरथर वाढली. कोऱ्या कागदावर गोगलगायीच्या शंखासारखं वर्तुळ, आतून बाहेर, हात न टेकवता काढायला सांगितलं. माझ्या रेषेला करवतीसारखे दात आले होते. चालताना दोन्ही हात नीट हलतात का, तेही पाहिलं. थायरॉइडची तपासणी केली, ती नॉर्मल आली.

"हा एसेन्शियल ट्रेमर आहे," तो म्हणाला. यात हात काम करताना किंवा उचलून धरल्यावर थरथरतो. पार्किन्सन्समध्ये बहुधा उलटं असतं. हात निवांत असताना थरथरतो, सुरुवात एका बाजूने होते, हालचाली मंदावतात, अक्षर बारीक होत जातं. एसेन्शियल ट्रेमरमध्ये अक्षर वेडंवाकडं आणि मोठं होतं.

मग त्याने विचारलं, "घरात कुणाला होतं का?" हा आजार बऱ्याचदा आनुवंशिक असतो.

मी "नाही" म्हणणार होतो, आणि अण्णा आठवले.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. खतावणीची पानं लोक बघत राहायचे. पन्नाशीनंतर ते अक्षर थरथरायला लागलं. बशीत चहा ओतताना सांडायचा, म्हणून ते चारचौघांत चहा नको म्हणायला लागले. मग लग्नाच्या पंगतीला जाणं बंद केलं. मोंढ्यात कुजबुज झाली की मुनीमजी घ्यायला लागले. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस. एक दिवस त्यांनी स्वतःच नोकरी सोडली. घरात आम्ही म्हणायचो, वय झालं.

मी तेव्हा एमबीबीएस होऊन एमडी करत होतो. सुट्टीत घरी यायचो, त्यांचं बीपी बघायचो, छातीला स्टेथोस्कोप लावायचो. "अण्णा, हात पुढे करा" एवढं एकदाही म्हणालो नाही. औषधं तेव्हाही होती. ते २००९ मध्ये गेले.

मित्राच्या समोर बसून मी बराच वेळ गप्प होतो. त्याने चहा मागवला, आणि माझा कप अर्धाच भरला.

घरात कुणाचे हात थरथरत असतील तर

एक, "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नका आणि दारूचा संशय तर अजिबात घेऊ नका. दारूने एसेन्शियल ट्रेमर तात्पुरता कमी होतो, त्यामुळे कुणी "दोन घोट घे, हात थांबेल" असं सुचवतं. त्यातून व्यसन लागतं आणि उतरल्यावर थरथर वाढते.

दोन, थरथर नवीन असेल तर थायरॉइड तपासा आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. दम्याचं सालब्युटामॉल, फिट्सचं व्हॅलप्रोएट, लिथियम यांनीही हात थरथरतात. औषध मनाने बंद करू नका.

तीन, मधुमेहाच्या पेशंटला अचानक थरथर, घाम, भूक लागली तर साखर कमी झालेली असू शकते. लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या.

चार, चहा-कॉफी, अपुरी झोप, उपाशीपोट आणि ताण यांनी थरथर वाढते.

पाच, हा आजार मुळापासून बरा होत नाही, पण आटोक्यात येतो. प्रोप्रानोलॉल किंवा प्रिमिडोन ही औषधं अनेकांना लागू पडतात. मात्र प्रोप्रानोलॉल दम्याच्या पेशंटला चालत नाही, आणि मधुमेहात साखर कमी झाल्याची लक्षणं झाकू शकतं. म्हणून शेजाऱ्याची गोळी घेऊ नका. फारच त्रास असेल तर मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रियाही असते.

मी लहान डोसवर आहे. चहा दोन कपांवर आला. पेटी माळ्यावरून खाली काढली. आता कोपर आणि मनगट दोन्ही टेकवून, जेवणानंतर, दिवसाउजेडी रविवारी काम करतो. खिडकी उघडी, पुट्टी घासताना मास्क, आणि अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या. आधीही हे करायला हवं होतं. बंद खोलीत थिनरचा वास घेत बसणं कुणालाच चांगलं नाही.

पॅनेल पूर्ण झालं. नीट पाहिलं तर तीन ठिपके तबकडीबाहेर आहेत. ते मी पुसले नाहीत.

विमानाबद्दल विचारणाऱ्या त्या आजोबांनी उठताना काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने चिठ्ठी घेतली. चिठ्ठी हलत होती. सोबतची सून हळूच म्हणाली, "त्यांचं तसलंच हाय साहेब, वयच झालंय."

मी म्हणालो, "बाबा, बसा जरा. हात पुढे करा." मग त्यांना एक कोरा कागद आणि पेन दिलं.