हरारेच्या खाणावळीत बाजरीचा घास

परमुलखात पहिला प्रश्न पडतो तो पोटाचा. वाचकहो, तुमचा मुलगा किंवा लेक-जावई नोकरीनिमित्त आफ्रिकेच्या दक्षिण भागात असेल आणि तुम्हांला तिकडे जाण्याचा योग आला, तर बरोबर चटणी-लाडू जरूर न्या. पण एक दिवस तरी तिथल्या साध्या खाणावळीत जेवा. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे मी जेवलो, त्याची ही हकिगत.

पत्र्याच्या छपराखाली चार बाकडी, बाहेर चुलीवर मोठी पातेली. बसलो तशी एका मुलीने तांब्या आणून हातावर पाणी घातले. उजव्या हातानेच जेवायचे, म्हणून मला हायसे वाटले. मालकीणबाईंना सगळे ‘अमाई’ म्हणत. शोना भाषेत अमाई म्हणजे आई!

तिथले रोजचे अन्न म्हणजे ‘साद्झा’. पांढऱ्या मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात लाकडी दांड्याने हाटून घट्ट करतात. त्याचा लहानसा गोळा बोटांनी वळायचा आणि कालवणात बुडवून खायचा. पुष्कळ ताटांत गोमांस असते. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावे, कोणी रागावत नाही. मी ‘मुरिवो’ म्हणजे पालेभाजी मागितली. तिच्यात शेंगदाण्याचे वाटण होते. चव अगदी घरची. शेजारच्या गृहस्थांनी ‘मादोरा’ चाखायला दिले. मोपानी झाडावरच्या या अळ्या साफ करून, मिठाच्या पाण्यात उकडून वाळवतात आणि कांदा-टोमॅटोत परततात. एक खाल्ली. सुकटीसारखी खारट लागली. दुसरी मात्र घेतली नाही.

मग अमाईंनी विचारले, “साद्झा पांढरा हवा की काळा?” काळा म्हणजे काय, तर ‘झ्वियो’, ‘म्हुंगा’ किंवा ‘मापफुंदे’ यांचा. पीठ पाहिले आणि ओळख पटली. झ्वियो म्हणजे आपली नाचणी, म्हुंगा म्हणजे बाजरी आणि मापफुंदे म्हणजे ज्वारी! बाजरीचा घास तोंडात घातला आणि तव्यावरच्या गरम भाकरीचा वास आठवला.

नवल वाटायला नको. ही तिन्ही धान्ये मुळात आफ्रिकेचीच. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. तिकडे नवखा आहे तो मका. तो मूळचा अमेरिकेचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत आफ्रिकेत पोचला. विसाव्या शतकात त्याने तिथली शेते व्यापली. १९६० साली ‘एस. आर. ५२’ हे संकरित वाण निघाले आणि उतारा आणखी वाढला.

पण मक्याला वेळेवर पाणी लागते. तिकडे पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. २०२३-२४ च्या हंगामात पावसाने दगा दिला, मका उभा करपला आणि एप्रिल २०२४ मध्ये सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. अमाईंच्या भावाची शेती दक्षिणेकडच्या कोरड्या भागात आहे. त्या साली मक्याचे कणीसही घरात आले नाही. बाजरीची मात्र थोडीफार पोती झाली.

“मग सगळी बाजरीच का पेरीत नाही?” मी विचारले.

अमाई हसल्या. “पाखरं कोण राखणार? आणि कांडायचं कोणी? ते सगळं बाईच्या अंगावर पडतं.”

तिकडे ‘क्वेलिया’ नावाची चिमणीएवढी पाखरे थव्यांनी येतात आणि बाजरी-ज्वारीची शेते साफ करतात. मक्याचे कणीस पानांत झाकलेले, त्यामुळे ते वाचते. शिवाय मका गिरणीत नेला की काम झाले. बाजरीचे मळणे-कांडणे पुष्कळ ठिकाणी अजून हातानेच होते.

वाचकहो, हे उत्तर तुम्हांला नवे आहे का? ज्वारी आपल्या रानांतून मागे हटली त्याची कारणे आठवून पाहा. राखण, काढणी, मजुरी! जुने धान्य चांगले, असे नुसते म्हणून भागत नाही. ते पिकवणाऱ्या आणि रांधणाऱ्या हातांचे कष्ट कमी झाले, तरच ते शिवारात टिकेल.

निघताना मी अमाईंना तळहातांवर भाकरी कशी थापतात ते दाखवले. त्यांनीही पिठाचा गोळा घेऊन थापून पाहिली. पहिली मोडली. दुसरी मात्र गोल झाली.