कॅसीची गोष्ट लेकीला वाचू दे

सातारा

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस ते डोक्यातून जात नाही. तिकडे न्यू जर्सीत शाळेने तुझ्या लेकीला ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ वाचायला दिलंय. त्यात काळ्या माणसांना दिलेल्या शिव्या आहेत, मारहाण आहे, माणसं जाळल्याच्या गोष्टी आहेत, म्हणून शाळेला चिठ्ठी लिहावी असं तुझ्या मनात आहे. आईचा जीव आहे, काळजी वाटणारच. पण चिठ्ठी लिहिण्याआधी या पुस्तकामागची हकिगत ऐकून घे.

पहिल्या प्रकरणातला प्रसंग बघ. साल १९३३, मिसिसिपी. कॅसी लोगन नऊ वर्षांची. तिच्या सहा वर्षांच्या भावाचा शाळेतला पहिला दिवस. सगळे त्याला ‘लिटल मॅन’ म्हणतात, कपड्यावर धुळीचा कण खपत नाही त्याला. वर्गात पुस्तकं वाटतात ती फाटकी, मळकी. तो जरा बरं पुस्तक मागतो, मिळत नाही. मग आतलं पान उघडतो, तर तिथे एक तक्ता: पुस्तक कधी दिलं, तेव्हा त्याची अवस्था काय होती, घेणाऱ्या विद्यार्थ्याचा वंश कोणता. पहिल्या अकरा नोंदी गोऱ्या मुलांच्या. बाराव्या खेपेला, अवस्था ‘अतिशय वाईट’ झाल्यावर, ते पुस्तक काळ्या मुलांकडे आलेलं, आणि वंशाच्या रकान्यात हिणवणारा शब्द. लिटल मॅन पुस्तक जमिनीवर आपटतो आणि पायाखाली तुडवतो. त्याला छड्या बसतात. कॅसीही आपलं पुस्तक परत करते, तिलाही बसतात. त्यांची आई त्याच शाळेत शिकवते. ती कागद मापाने कापते, ब्रशने डिंक लावते आणि तो तक्ता झाकून टाकते. मग स्वतःच्या वर्गाच्या पुस्तकांनाही तेच करते. या कागदांपायी पुढे तिला काय सोसावं लागतं, ते लेकच तुला सांगेल.

कॅसीच्या मागे अख्खं घर उभं आहे. आजी आहे, काका आहे, जमिनीचं देणं फेडायला परगावी रेल्वेचं काम करणारा बाप आहे. आणि घराच्या मागे शेजारपाजार. काळ्यांचा छळ करणाऱ्या दुकानदाराकडून माल घ्यायचा नाही म्हणून लांबच्या व्हिक्सबर्गहून सामान आणणारी माणसं. तुला दिसलेली मारहाण खरी आहे, पण पुस्तक भरलंय ते या माणसांनी.

लेखिका मिल्ड्रेड टेलर जन्मली मिसिसिपीतच, १९४३ साली. वाढली मात्र ओहायोतल्या टोलेडोत, कारण घरच्यांनी ती तान्ही असतानाच दक्षिण सोडली. पण ते सगळे गावी जात राहिले, आणि तिथे वडील व इतर वडीलधारी मंडळी घराण्याच्या गोष्टी सांगत. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्या गोष्टींतल्या ताठ मानेच्या माणसांचा पत्ताच नव्हता. त्या ऐकीव गोष्टींतूनच कॅसी आली. पुस्तक १९७६ला निघालं, त्याच वर्षी वडील वारले. अर्पणपत्रिका त्यांच्याच स्मृतीला आहे. पुढच्या वर्षी पुस्तकाला बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं.

ते छापलं गेलं हेही आपोआप झालेलं नाही. १९६५ साली नॅन्सी लॅरिक नावाच्या गोऱ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बालपुस्तकांची मोजदाद केली. लेखाच्या सुरुवातीलाच त्यांनी न्यूयॉर्कच्या बालवाडीतल्या पाच वर्षांच्या काळ्या मुलीचा प्रश्न सांगितलाय: चित्रांत नेहमी गोरीच मुलं का असतात? तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ पुस्तकांपैकी काळी व्यक्ती एकदा तरी दिसली अशी पुस्तकं ३४९. शेकड्याला सातसुद्धा नाहीत. पुस्तकांत काळी मुलंही दिसावीत, याच कामासाठी त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एक परिषद स्थापन झाली, आणि तिच्या लेखनस्पर्धेत मिल्ड्रेड टेलर जिंकली. ‘साँग ऑफ द ट्रीज’ हे लोगन कुटुंबाचं पहिलं पुस्तक त्यातून निघालं.

पण तेवढ्याने काम संपलं नाही. मार्ली डायस तर तुमच्याच न्यू जर्सीची. २०१५ साली, पाचवीच्या वयाची असताना, शाळेत वाचायला मिळणाऱ्या गोष्टी गोऱ्या मुलग्यांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्याच असतात, अशी तिने आईकडे तक्रार केली. मग तू काय करणार, असं आईने विचारलं. पोरीने काळ्या मुली नायिका असलेली हजार पुस्तकं जमवायची मोहीम काढली आणि हजाराच्या कितीतरी पुढे गेली. पुस्तकं गेली तिच्या आईच्या माहेरी, जमैकातल्या सेंट मेरीलाही. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन लहान मुलींनी एकच गोष्ट विचारली, याचं मला फार वाईट वाटतं. आणि दुसरीने हातपाय हलवले याचा अभिमानही वाटतो.

आपल्याकडे १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीने आपल्या लोकांचे हाल निबंधात लिहून काढले. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तो निबंध आपण मुलांपुढे ठेवतो ना? मग कॅसीचं का लपवायचं?

तुझी लेक तिच्या वर्गात सावळी आहे. रंगावरून कोणी काही बोललंच, तर तिच्याजवळ कॅसी असलेली बरी. वर्षा बजाज यांचं ‘थर्स्ट’ही आणून दे, त्यातली मिनी मुंबईची आहे, पाण्याच्या चोरीशी भिडणारी.

तेव्हा चिठ्ठी लिहू नकोस. रोज रात्री दोघी मिळून थोडं थोडं वाचा, तो हिणवणारा शब्द आला की थांबून तो कोण, कोणाला, कशासाठी म्हणतं ते तिला सांग. आणि वाचून झालं की लेकीला मला दोन ओळी लिहायला लाव, मराठीत, जमेल तशा.

तुझी,
मावशी